पाग्मे

बाहिर दारच्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीपाशी
परिचारिकेनं यादी तीनदा बोटानं खाली ओढली.
नेहासे संपला की थेट मेस्केरेम.
मधला महिना नव्हताच.
"तीस नेहासे टाकू का? सहा दिवसांनी काय बिघडतंय?"
येशीहारेगचे टाके अजून ओले,
नेटेलात गुंडाळलेलं मूल,
भांडायला अंगात जोर नाही.
तर मुलगी कागदावर
जन्माच्या सहा दिवस आधीच जन्मली.

आमच्यात म्हणतात, दुष्काळात तेरावा महिना.
जणू तो येतो तो खायलाच.
तिच्याकडे तो दरवर्षी येतो,
पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा,
भाजीवाल्यानं वरून टाकलेल्या कोथिंबिरीएवढा.
पगार मिळत नाही त्याचा. तरी असतो.

दवाखान्याचा फॉर्म कुणी केला ते तिनं शोधलं,
त्यानं कॅलेंडर कुठून उचललं तेही.
खुलं, फुकट, कुणीही हात लावावा असं.
कुणी तरी नावं अम्हारिकमध्ये आणली होती, बारा;
तेरावं ठेवायला खणच नव्हता.
कारण एक ओळ: महिने = १२.
नऊ वर्षांपूर्वी त्रोन्हाइमच्या ओड्वारनं लिहिलेली.
वाईट मनानं नाही.
त्याच्या भिंतीवर बाराच होते.

दिवसा ती सूतगिरणीत हिशेब लिहायची.
रात्री तीनला, म्हणजे तुमच्या-माझ्या नवाला,
(तिथलं घड्याळ उजाडल्यापासून मोजतं)
मूल मांडीवर, लॅपटॉप पिंपावर,
वीज गेली की फोनचं इंटरनेट.
बाराचे तेरा केले
आणि एकतीस चाचण्या लाल.
एक धागा ओढावा
आणि थानाच्या दुसऱ्या टोकाला भोक पडावं.
गिरणीतली बाई ती, तिला हे नवं नव्हतं.
एकेक भोक शोधत गेली.

पोर्तो आलेग्रेची जांदिरा म्हणाली, काम चोख आहे,
पण तीन-तीनच्या चार ओळी किती नीट होत्या;
आता एकच खण खाली लोंबतो.
येशीहारेगनं लिहिलं: तो तसाच असतो. खाली, एकटा, शेवटी.
मग ते खोडलं.
लिहिलं: सुचवा, मी बदलते.

मग कुणीच काही बोललं नाही.
दर महिन्याला एक यंत्र येऊन सांगे,
हालचाल नाही, चौदा दिवसांत बंद करू.
ती लिही: मी आहे.
मुलीला दात आले. मी आहे.
मुलगी पिंप धरून उभी राहिली. मी आहे.

आणि एका पहाटे ओड्वार.
उशिराबद्दल माफी, नोकरी, आजारी वडील, आणि एक प्रश्न:
सहाव्या दिवशी जन्मलेल्यांचा वाढदिवस
उरलेली तीन वर्षं कधी धरायचा?

चाचणीसाठी विचारलं होतं त्यानं.
तिनं झोपलेल्या मुलीकडे पाहिलं.
घरात हे कुणी ठरवलंच नव्हतं.
शेजारणींना कॉफीवर विचारलं,
बायका तीन, उत्तरं चार.
शेवटी वोर्कनेश, जिचा मुलगा असाच सहाव्याचा,
कप उलटा ठेवत म्हणाली,
"पाचव्यालाच गं. लेकराला नव्या वर्षात कशाला ढकलतेस?"
तेच गेलं कोडमध्ये, दोन ओळींत,
वोर्कनेशच्या नावाशिवाय.

नव्या आवृत्तीच्या टिपणात सातवी नोंद:
दुरुस्ती, तेरावा महिना.
खण खालीच राहिला, लोंबता.
दवाखान्यात अजून जुनीच आवृत्ती आहे.
ती दोनदा जाऊन आली,
संगणकवाला गोंदरला बदलून गेलाय.

अकराव्या दिवशी असियूतहून कुणी अबानूब:
आमच्याकडेही छोटा महिना आहे, नाव वेगळं,
तुमच्या खणात बसेल का?
खाली एक स्वल्पविराम राहिलेला.
सूतगिरणीचा भोंगा व्हायला वीस मिनिटं होती.
तिनं लिहिलं: मी आहे. बघते.