सेकंडचा माल

निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे चारशे टॉवेल
मंगळवारी इटलीला गेले, रिमिनी नावाच्या गावी.
एकाचा पिवळा चुकला.
तो घरी आला.

रविवारी अंबादासमामाच्या टेम्पोत आम्ही सात जण
हिपरग्याच्या तलावावर.
कडक भाकरी, शेंगांची चटणी, एक कलिंगड.

काठाला काळी माती, तिला भेगा.
आईने टॉवेल अंथरला
आणि चपला काढून अवघडून बसली,
जशी कुणा परक्याच्या बैठकीत.

तिकडे म्हणे एकेक माणूस
असा अख्खा टॉवेल घेऊन
दुपारभर पडून राहतो.
"आणि काय करतो?" रजिताने विचारलं.
"काही नाही."
आम्ही तेही करून बघितलं.
मामाला सात मिनिटं जमलं.

नानांचा हात मात्र कापडावरून फिरत होता
तुटका धागा शोधत.
सापडला, तसं बोट तिथंच थांबलं
आणि त्यांचा डोळा लागला,
भरदुपारी, मागाच्या आवाजाशिवाय.

कुणी उठवलं नाही.
कलिंगडसुद्धा आम्ही हळूच फोडलं.

लाटा नव्हत्याच.
पलीकडून एक म्हैस पाण्यात उतरली
तेव्हा एक आली,
टॉवेलच्या काठापर्यंत.