चाळीस सेकंद

योंगसानच्या तिसऱ्या मजल्यावर
प्यो आजोबा दोन्ही तळव्यांवर दोन डिस्क तोलतात.
एक च्युइंगगमच्या पट्टीएवढी,
दुसरी चांगली जड, पोटात चकती वागवणारी.
"पैसे तेवढेच," म्हणतात,
"हिच्यात वेग मावतो, हिच्यात पसारा."

दोउन हिशेब करतो:
एकटा गेमच दीडशे जीबी,
आणि नकाशा उघडायला चाळीस सेकंद.
तोवर शत्रू टेकडीवर ठाण मांडून.

चाळीस सेकंद.
तेवढ्यात हेडफोन मानेवर उतरायचा
आणि आई दारातूनच उरकून घ्यायची:
जेवलास का,
दुसरा मोजा कुठंय,
बाबांचा उल्सानहून फोन होता.
जुनी डिस्क करकरत असे,
त्या करकरीवरून तिला कळे
केव्हा बोलायचं, केव्हा नाही.

तो पट्टी घेतो.
"जुनी टाकू नकोस हं," आजोबा बिल फाडतात,
"फोटोबिटो ठेव तिच्यात."

रात्री नकाशा उघडतो
पापणी लवायच्या आत.
खोलीत कसलाच आवाज नाही.
दारात आई,
आत्ता बोलू की नको,
हातात एकच मोजा.