पुढच्या वर्षाचा समुद्र

मंदाकिनी वेलकर हे टोपणनाव नव्हतं.
अंतराळाच्या गोष्टी लिहिणारीचं नाव खरंच आकाशगंगेचं असावं
हे संपादकांना शेवटपर्यंत पटलं नाही.
मनीऑर्डरीच्या फॉर्मवर ते दरवर्षी लिहीत :
मूळ नाव कळवावे.

नोकरी पोर्ट ट्रस्टात, बॅलार्ड पिअरच्या मागच्या इमारतीत,
दुसरा मजला, टेबल पंख्याखालचं नव्हे, कपाटाजवळचं.
काम : भरती-ओहोटीची कोष्टकं तपासून स्वच्छ प्रत करणं.
म्हणजे पुढच्या वर्षाचा समुद्र
ती यंदाच लिहून मोकळी व्हायची.
तास, मिनिटं, मीटर, सही.
"इतरांना भविष्य लिहून मानधन मिळतं," म्हणायची,
"मला पगार मिळतो. महागाई भत्त्यासकट."

मी तिच्या कथांची चित्रं काढायचो. सत्तावीस दिवाळी अंक.
पहिल्या वर्षी परग्रहावरची बाई काढली,
हिरवी, बाकी सगळी आपल्यातली, पदरसुद्धा.
तिने चित्र सुलटं धरलं, उलटं धरलं.
"डोळे दोनच का, मोरजकर?
आणि दोन्ही पुढेच?
हिच्या मागून कधी कोणी येत नाही का?"
तेव्हापासून डोळे काढण्याआधी मी विचारू लागलो
कुठून कोण येतंय ते.

'खाऱ्या ग्रहाची जनगणना'त चंद्र दोन,
दिवसातून चार भरत्या.
तिथली माणसं घरं बांधत नाहीत, विणतात,
पाणी आलं की गुंडाळून खांद्यावर घेतात.
जनगणनेचा कारकून तेवढा एकाच जागी उभा,
पाणी गळ्याशी, वही डोक्यावर.
तो कोण हे मी विचारलं नाही.
चित्रात मात्र त्याला तिचा चष्मा दिला.
तिने छापू दिलं.

गाजली ती 'वादी : समुद्र'.
समुद्र धोबीतलावच्या लघुवाद कोर्टात अर्ज करतो :
सात बेटांमधली जागा परत मिळावी,
शिवाय आजवरचं थकलेलं भाडं.
पक्षकाराने कोरडं होऊन आत यावं, असा शिपायाचा हट्ट.
शिंपल्यांचे पुरावे, रेतीच्या साक्षी,
फाइल ओली म्हणून दरवेळी पुढची तारीख.
त्याला बक्षीस मिळालं.
पाहुणे म्हणाले, "बालवाङ्मयाची मोठी सेवा."
ती शालीत नारळ गुंडाळून
चहा न घेता बसस्टॉपवर गेली.
समुद्राची तारीख अजून लागायची आहे.

शेवटची कथा अर्धीच,
जुन्या कोष्टकांच्या पाठकोऱ्या कागदांवर.
एका पानाच्या मध्येच, वाक्य तोडून :
*मोरजकर, इथे चित्र नको. जागा सोडा.
जो यायचा आहे त्याला बसायला.*

शोकसभेला खुर्च्या एकवीस, भरल्या नऊ.
एकाने तिचं नाव मंदाताई केलं,
एकाने ती भुतांच्या गोष्टी लिहायची असं सांगितलं.
मी काहीच बोललो नाही. मला रेषा येतात, बोलता येत नाही.

याला अकरा वर्षं झाली.
परवा ते पान उलटलं
तर मागचं कोष्टक छापील नव्हतंच.
पेन्सिलीचं, तिच्या अक्षरातलं,
निवृत्तीनंतर कोणी न सांगता केलेलं. साल यंदाचं.
एका ओळीखाली रेघ :
भाऊचा धक्का, दुपारी एक बारा.

गेलो.
रेवसची लाँच सुटत होती, मासळीच्या टोपल्यांवर बर्फ फोडत होते.
धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात चालल्या होत्या.
तिने सांगितलेल्या उंचीची पायरी मी खडूने खूण करून ठेवली.
एक बारा. पायरी कोरडी.
एक चौदा. कोरडीच.
लाँचवरचा पोरगा विचारतो, "काका, कोण यायचंय?"
एक सोळाला पाणी आलं
आणि खडू पुसून गेलं.

पानावरच्या तिने सोडलेल्या जागेत
मी तिथेच, उभ्या उभ्या, शेरा लिहिला :
हजर. चार मिनिटं उशिरा.
चूक कोष्टकाची नाही.