कुलूपबंद: अकरा

फेब्रुवारीतच माथा तापवणारा हा तालुका.
माझ्या वाट्याला कोथळीपाडा आला:
तेवीस घरं, एक हापसा, एक बालवाडी,
जिच्या भिंतीवरच्या आंब्याला
कुणीतरी कोळशाने दात काढून दिलेत.

गेल्या वर्षी गेरूने टाकलेले आकडे
दारांवर अजून शाबूत आहेत.
दारं बंद. एक, दोन, चार, पाच.
तीनमध्ये कोंबड्या.

सहाच्या ओट्यावर सुपडाबाई मालचे
मिरचीचे देठ खुडत बसलेली.
नंदुरबारहून टेम्पो पोती टाकून जातो.
किलोमागे किती मिळतात ते ती सांगते,
मी नीट ऐकलं नसल्यासारखा पुन्हा विचारतो.

"काय लिखी राह्यना भाऊ?"
माणसं, म्हटलं.
ती हसली. "मंग लिख. पह्यलं घर, ऊस तोडाले गयात.
दुसरं, बारडोली. चौथं, तेबी तठेज.
पाचवा घरनी पोर बाळंत व्हयनी फडमा,
मुकादमना फोन उना व्हता."

नियम स्पष्ट आहे:
जो जिथे सापडेल, तिथे मोजावा.
पाचटाच्या कोपीसमोर एखादा गुजराती मास्तर
माझ्यासारखाच घाम पुसत उभा असेल,
अशी आशा आहे.

वय? आधारकार्डावर एक जानेवारी.
पाड्यावरची निम्मी माणसं एक जानेवारीचीच,
एवढं मोठं बारसं कुणाला आठवत कसं नाही!
नावाचं कारण तिनेच सांगितलं.
आधीची दोन गेली, म्हणून हिला सुपात घालून
उकिरड्यापर्यंत ओढत नेली,
मरणाला वाटावं, टाकाऊ आहे.
बालमृत्यूचा तक्ता अहवालात
मागच्या पानांवर कुठेतरी येतो.
इथे तो रोज हाक मारायच्या नावात आहे.

मुख्य व्यवसाय?
तिने पदराची गाठ सोडली.
अकरा किल्ल्या. एकीला लाल चिंधी,
एकीला बांगडीचा तुकडा,
एकीचं कुलूप गंजून कधीच उघडायचं थांबलंय,
तरी किल्ली आहे.
"कुलपं सांभाळस मी."
शिवाय चौदा शेळ्या, नऊ नंबरातला आंधळा म्हातारा,
शाळेसाठी मागे ठेवलेली दोन पोरं.
संध्याकाळी साऱ्यांच्या भाकरी हिच्याच तव्यावर.

संकेतांकांच्या पुस्तकात बराच वेळ शोधलं.
मिरचीसाठी 'सीमांत' सापडलं.
बाकीच्यासाठी 'घरकाम',
म्हणजे पुढच्या पानावर 'काम न करणारी'.
मी तेच लिहिलं.

कुटुंबातील व्यक्तींपाशी मात्र पेन अडलं.
एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब,
हाही नियमच ना?
चार लिहिले.

तिने कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला,
माझ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.
"तुमनं घर कोन मोजस?"
शहाद्याला कुणीतरी येईल, म्हटलं.
धाकटा भाऊ सुरतेला लूमवर असतो,
आठ जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपतात,
हे बोललो नाही.

रात्री बेरजा करताना सहज डोळा चोळला.
मिरची. कागदावरून बोटांवर आलेली.
पाण्याने धुतलं तर आणखी झोंबलं.
बायको म्हणाली, तूप लावा.
एकूण घरे तेवीस, कुलूपबंद अकरा.
उजव्या डोळ्याने ताळा बरोबर दिसत होता.
डावा मिटूनच
सही केली.