लाल ठिपका

मे महिना. शाळा बंद, व्हॅन रिकामी,
सत्तावीस तारखेला फिटनेस.
गेल्या वर्षी ह्याच गॅरेजनं मला
साडेसहा हजारांचं शहाणपण विकलं होतं.

म्हणून यंदा आदल्या रात्री, सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत,
टॉर्च दातात धरून
पुढची दोन्ही चाकं काढली,
ब्रेकपॅडच्या पाठीवर पोरीच्या नेलपॉलिशचा
एकेक ठिपका लावला.
ती म्हणे, आई, व्हॅनचं लग्न आहे का?

सकाळी अकरालाच पत्रा हात लावू देईना.
गॅरेजवाल्यानं मठ्ठा पाजला, ताई ताई केलं,
मग बोनेट उघडून असा चेहरा केला,
जसा मेयोतला डॉक्टर
नातेवाइकांना बाजूला घेताना करतो.
"पॅड संपले. एक्सल गेला. रॅक कण्हून राहिला.
असं नेलं तर साहेब गेटावरूनच वापस पाठवतीन.
सोडून जा, पासिंग माझ्याकडं लागलं."

आणि हातावर एक पॅड ठेवलं,
झिजून बिस्किटाएवढं,
कुणाचं, कधीचं, कोण जाणे,
किती जणींना दाखवून गुळगुळीत झालेलं.
उलटून पाहिलं.
ठिपका नव्हता.

तोंडाशी बरंच आलं होतं बापा.
एवढंच म्हटलं,
माझं मला दे, भाऊ. जुनंच दे.
तो मग बराच वेळ
पुसलेला पाना पुसत राहिला.

तिथून हुडकेश्वर रोडला, निनावे मिस्त्रीकडं.
पाटी नाही, कडुलिंबाला टांगलेलं एक टायर.
पॅडकडं पाहून म्हणाला, वर्षभर हात नका लावू.
व्हॅनभोवती चक्कर मारली,
आत बसून मागचं दार ढकललं.
उघडलं.
"ही कडी कवापासून अशी?"

मला ठाऊक नव्हतं.
मी पैसे जपत होते,
ठिपके जपत होते.
मग आठवली मागच्या कोपऱ्यातली ओजल,
डब्याच्या पिशवीचा बंद कडीला गुंडाळून
रोज दोन्ही हातांनी धरून बसायची.
मला वाटायचं, खेळते.

एकशेचाळीस रुपये घेतले त्यानं.
जुनी स्प्रिंग माझ्या हातात, न मागता.

सत्तावीसला साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला,
शिक्का मारला.
मागच्या दाराकडं गेलेच नाहीत.

मी गेले.
उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं.
मागची रांग हॉर्न देऊन राहिली होती.