काठ

राजलिंगम चिलवेरी, माझ्या आजीचे थोरले भाऊ,
मिलच्या बॉयलरवर कोळसा ओढायचे.
संपात नाव कटलं तेव्हा कुणीसं म्हणालं,
मुंबईला जकातीच्या बोटीवर आगवाला हवाय.
आग तीच. फक्त खाली जमीन नव्हती.

देशाचं आरमार तेव्हा नव्हतं,
देशच अजून व्हायचा होता.
होती ती सरकारी गस्तीची एक आगबोट,
धड नावही नसलेली, नाळेवर पांढरा आकडा,
आणि एक तोफ, जिला रोज खोबरेल लागायचं
आणि बार वर्षातून एकदाच, साहेबाच्या वाढदिवसाला.

वसई ते रत्नागिरी. रत्नागिरी ते वसई.
"धोट्यासारखं," ते सांगायचे साखर पेठेत मागावर बसून,
"नुसतं इकडून तिकडं. अन् मागं वळून बघावं
तर कापड कुठंच न्हाई."

वारा असला की गलबतं पुढे,
ही मागून धापा टाकत.
वारा पडला तरच हिची पाळी.

असंच एक धरलं, दाभोळच्या अलीकडे.
चांदी निघणार म्हणून साहेब हातमोजे घालून उतरले.
निघालं चोरटं मीठ, थोडा खजूर,
आणि तळाशी झोपलेला एक पोरगा,
अंगावर जुन्या लुगड्याची दुपटी.
दिव्यात काठ दिसला. रुईफुली.
"आपल्याच पेठेतला, पोरी. गाठ ओळखली मी.
आमच्या अम्माची गाठ डावी पडायची."

कारकुनानं लिहून घेतलं:
मीठ, अकरा गोणी. खजूर. दोरखंड.
लुगडं, फाटकं, नग एक.
पोराच्या अंगावरून ते ओढलं कुणी,
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही. आगवाल्याचे हात काळे असतात,
एवढंच ते एकदा म्हणाले, आणि तेही तेलुगूत.

मग सोलापूर. मग पुन्हा माग, चाळीस वर्षं.
समुद्राचा विषय निघाला की उन्हाकडे बोट दाखवायचे:
त्यो काय, तितकाच खारट, तितकाच रिकामा.
पण पहाटे मिलचा भोंगा झाला
की अंथरुणात ताडकन उठून बसत,
आणि अंधारात विचारत, "कुणाला धरलं?"

"अन् त्या पोराचं काय झालं?"
मी विचारायची, दरवेळी.
ते धागा दाताने तोडायचे.

"पोरगा यादीत नव्हता."