वास नाही

कुपवाडला, एमआयडीसीच्या मागच्या कुंपणाला
आक्काताई मगदूमांचं स्वयंपाकघर लागून आहे.
मधे एक शेवगा, एक गटार
आणि टाकी क्रमांक चार.

माझ्या तपासणीच्या अर्जात वासाला रकाना नाही.
वाऱ्याची दिशा आहे, तापमान आहे,
'मर्यादेत / मर्यादेबाहेर' आहे, नको ते खोडायचं.

मी सकाळी अकराला जायचो.
गेटवर नदाफ रजिस्टर पुढं करायचा,
सही, वेळ, गाडीचा नंबर,
तोवर आत फोन गेलेला असायचा.
कुंपणाशी तासभर यंत्र ठेवलं
की पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा
आकडा यायचा. मर्यादेत.

"अकराला ती झोपल्याली असती," आक्काताई म्हणाल्या.
कोण?
"टाकी. उन्हं तापली की धाप लागती तिला. तीनला या."

सत्तावीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात हळद पारखली.
डोळे मिटून सांगायच्या, राजापुरी कुठली, सेलम कुठली,
कुठल्या पोत्याला ओल लागली.
वडील हरिपूरला पेवं भरायचे.
"पेव उघडलं की कुणी उडी मारत न्हाई, साहेब.
आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा.
कंदील इझला, तर माणूस उतरायचा न्हाई.
कायदा कुठं लिवला नव्हता. पर मोडलाबी नाही कुणी.
तुमच्या टाकीत कंदील कोण सोडतंय?"

मी हसलो. फाइल बंद केली.
तेव्हा त्यांनी नातवाची भूगोलाची वही काढली,
नकाशे संपले होते तिथून पुढं:

१४ मार्च, दुपारी ३. वारा मावळतीचा. वास पिकल्या पेरूचा, पेरू नाही.
१९ मार्च, ३.२०. नखरंगाचा. सून म्हणते, आत्या, तुम्ही कधी लावलं?
२ एप्रिल. गोड. डोकं जड. वाळवणाच्या शेवया टाकून दिल्या.
३ एप्रिल. तोच. रविवार असून.

चौसष्ट पानं.

मग एका दुपारी मी तीनला गेलो, न कळवता.
टाकीच्या माथ्यावरची झडप
अर्धवट मिटलेल्या पापणीसारखी,
आणि वर हवा थरथरत होती,
तव्यावर थरथरते तशी.
यंत्रावरचा आकडा पहिल्यांदाच अकरावाजता विसरला.

नोटीस काढली. झडप बदला.
वाफ कोळशाच्या पिंपातून न्या.
दुपारची नोंद ठेवा. मुदत पंधरा दिवस.
सोबत वहीची झेरॉक्स, जोडपत्र क.
आमच्या कार्यालयात भूगोल पहिल्यांदाच जावक झाला.

उत्तर आलं जाड कागदावर, गोल शिक्का:
सर्व पूर्तता केली आहे.
तक्रारदाराच्याच वहीत, ६ मेपासून सलग अकरा दिवस
'वास नाही' अशी नोंद आहे, कृपया पाहावे.
सबब प्रकरण निकाली काढावे.

साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं: ठीक.

मी तरीही गेलो. का, ते सांगता येणार नाही.
शेवग्यापाशीच घशाला पेरू लागला.
पिकलेला, गोड, पेरू नसलेला.

आक्काताई उंबऱ्यात बसल्या होत्या, वही मांडीवर.
"बरं झालं की ओ. बारा दिस झालं, काय बी न्हाई."
चेहरा निवांत होता.
"हळदीलाबी आता पूर्वीगत वास न्हाई. खताची हळद सगळी."

आत गॅसवर दूध करपत होतं.
सगळं घर धुरकट, खरवडीचा उग्र दर्प
पार अंगणात आलेला.
त्या पेनाला टोपण लावत होत्या.

मी आत गेलो, गॅस बंद केला.
पातेलं काळं पडलं होतं, ते मोरीत ठेवलं.
बाहेर आलो, त्यांच्या हातून पेन मागितलं
आणि त्यांच्या 'वास नाही'च्या खाली लिहिलं,
माझ्या सरकारी अक्षरात:

१७ मे, दुपारी ३.१०. वारा मावळतीचा.
वास आहे.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.
चष्मा शोधू लागल्या.
तो सापडेपर्यंत मी उभा होतो,
पेवाच्या तोंडाशी उभं राहावं तसा.